मुंबई ते दिल्ली: अंतर एक, वेळा अनेक

मुंबई आणि दिल्ली या शहरांच्या विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. जेट विमान उंचावर ताशी सव्वाआठशे ते साडेआठशे किलोमीटर वेगाने उडते. त्या हिशेबाने हा प्रवास ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटांत संपायला हवा. वेळापत्रकात मात्र याच प्रवासाला दोन तास ते सव्वादोन तास दिलेले असतात. मधला पाऊण तास कुठे जातो याचा शोध घेतला की हवाई प्रवासाचे बरेचसे गणित उलगडते. हा मार्ग जगातल्या सर्वाधिक गजबजलेल्या देशांतर्गत हवाई मार्गांपैकी एक असल्याने उदाहरण म्हणूनही तो सोयीचा आहे.

सुरुवात अंतरापासून करू. हे अंतर काढायला संगणक लागत नाही. शाळेतला भूगोल आणि पायथागोरसचा सिद्धांत पुरतो. मुंबईचा विमानतळ १९.०९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे. दिल्लीचा २८.५७ अंश अक्षांशावर आणि ७७.१० अंश रेखांशावर. अक्षांशांतला फरक ९.४८ अंश. एक अक्षांश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे दिल्ली मुंबईच्या १,०५४ किलोमीटर उत्तरेला आहे. रेखांशांतला फरक ४.२३ अंश, पण रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे या पट्ट्यात एका रेखांशाचे अंतर १०२ किलोमीटरच्या जवळपास भरते. म्हणजे दिल्ली मुंबईच्या ४३० किलोमीटर पूर्वेला आहे. आता या दोन बाजूंचा काटकोन त्रिकोण मांडला की कर्ण निघतो १,१३८ किलोमीटर. विमान उद्योगात मात्र किलोमीटरऐवजी सागरी मैल चालतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. ही लांबी एका अक्षांशाच्या साठाव्या भागावरून ठरली आहे. म्हणून नकाशा पाहणाऱ्या वैमानिकाला ती सोयीची पडते. या मापाने दिल्ली मुंबईपासून सुमारे ६१४ सागरी मैल आहे.

हा त्रिकोण जवळच्या शहरांनाच लागू पडतो, कारण तो पृथ्वीचा तेवढा तुकडा सपाट आहे असे धरून चालतो. लांबच्या शहरांसाठी गोलावरचे अंतर काढावे लागते. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घेऊन त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर ताणून धरावे. दोरा अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून सरळ पश्चिमेला जाईल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो मुंबईतून जवळजवळ उत्तरेकडेच निघतो, पासष्टाव्या अक्षांशाजवळ, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या अगदी खाली पोहोचतो आणि तिथून दक्षिणेला वळून न्यूयॉर्कला उतरतो. ताणलेला दोरा नेहमी सगळ्यांत आखूड वाट दाखवतो. गोलावरच्या या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात, आणि मुंबई ते न्यूयॉर्क ती सुमारे १२,५०० किलोमीटर भरते. भिंतीवरच्या सपाट नकाशात हीच वाट वर फुगलेल्या कमानीसारखी दिसते. सीटसमोरच्या पडद्यावर विमान वळसा घालते आहे असे वाटते, पण वाकडा तो नकाशा आहे, विमानाची वाट नव्हे. पृथ्वी अगदी चेंडूसारखी गोल नाही, विषुववृत्तावरची तिची त्रिज्या ध्रुवावरच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे, हेही काटेकोर हिशेबात धरले जाते. मुंबई-दिल्लीसारख्या अंतरात त्याने काही किलोमीटरांचाच फरक पडतो.

मुंबई ते दिल्ली असा दोरा ताणला तर तो कोणत्या गावांवरून जाईल? मुंबईतून निघून तो जव्हारच्या डोंगरांवरून, मग नवापूर आणि अक्कलकुव्याच्या आसपासच्या सातपुड्याच्या टापूवरून महाराष्ट्र सोडतो. पुढे नर्मदा, अलीराजपूर, मंदसौर, बुंदी, दौसा आणि अलवर. निरभ्र दिवशी खिडकीची जागा मिळालेल्या प्रवाशाला नर्मदेचे पात्र अर्ध्या तासाच्या आत दिसू शकते. रेल्वेची वाट याच्या जवळपास पण वेगळी आहे. मुंबई सेंट्रलहून सुटणारी राजधानी सुरत, वडोदरा, रतलाम, कोटा, मथुरा करत नवी दिल्ली गाठते आणि सुमारे १,३८५ किलोमीटर धावते. म्हणजे जमिनीवरची वाट हवाई अंतराच्या सव्वापटीच्या आसपास. डोंगर, नद्या आणि वाटेतली मोठी शहरे सांभाळत गेलेल्या रुळांच्या मानाने हे प्रमाण खूपच चांगले म्हणावे लागेल. कोकणात किंवा घाटात ते सहज दीडपटीच्या पुढे जाते.

विमानही दोऱ्याच्या रेषेत उडत नाही. आकाशात रस्ते आखलेले असतात. त्यांवर ठरावीक बिंदू असतात, बहुतेकांना पाच अक्षरी नाव असते, आणि वैमानिक एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूकडे जात राहतो. काही आकाश हवाई दलासाठी राखीव असते. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने सांगितले होते की देशाच्या आकाशापैकी साठ टक्केच नागरी विमानांना मोकळेपणाने वापरता येते. निर्बंध सैल केल्यास वाटा सरळ होतील आणि विमान क्षेत्राची वर्षाला सुमारे हजार कोटी रुपयांची बचत होईल, असा अंदाज तेव्हा मांडला गेला होता. हजार कोटी हा आकडा अंतरातल्या थोड्याथोडक्या वळणांतून येतो. एअरबस ए-३२० सारखे विमान तासाला सुमारे अडीच टन इंधन जाळते, म्हणजे मिनिटाला चाळीस किलो. रोज देशभर उडणाऱ्या हजारो विमानांची दोन-दोन, तीन-तीन मिनिटे वाचली तर केवढे इंधन वाचेल हे यावरून कळते.

प्रवासाच्या दोन्ही टोकांना वाट आणखी वाकते. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडते आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरते. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि समुद्राकडून वारा असला की विमान पश्चिमेला तोंड करून सुटते. दिल्लीला निघालेले विमान आधी जुहूच्या किनाऱ्यावरून समुद्रावर जाते आणि मग उजवीकडे वळून उत्तर धरते. दिल्लीच्या चारही धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिमच आहेत. पूर्वेचा वारा असेल तर मुंबईहून आलेल्या विमानाला गुरुग्रामच्या बाजूने उतरणे त्यातल्या त्यात सोपे जाते. पश्चिमेचा वारा असेल तर त्याला शहराला वळसा घालून पूर्वेकडून, नोएडा-फरिदाबादच्या बाजूने यावे लागते. विमान तेच, अंतर तेच. वारा बदलला म्हणून पाच-सात मिनिटे वाढतात.

विमानाचा वेग ताशी किलोमीटरमध्ये सांगायची पद्धत प्रवाशांसाठी आहे. उंचावर उडताना वैमानिक ध्वनीच्या वेगाचा किती हिस्सा गाठला ते पाहतो. त्याला माख म्हणतात. ए-३२० साधारण ०.७८ माखने उडते. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. जमिनीवर तो ताशी बाराशे किलोमीटरच्या वर असतो, पण पस्तीस हजार फुटांवर उणे ५५ अंशांच्या थंडीत तो १,०६६ किलोमीटरवर येतो. त्याचे ०.७८ म्हणजे ताशी ८३०. किती उंचीवर उडायचे हेही दिशेवर ठरते. पूर्वेकडे झुकणाऱ्या मार्गाला विषम हजार फूट आणि पश्चिमेकडे झुकणाऱ्याला सम हजार, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. दिल्ली मुंबईच्या उत्तरेला आणि किंचित पूर्वेला. म्हणून दिल्लीला जाणारी विमाने ३३, ३५ किंवा ३७ हजार फुटांवर, तर मुंबईला येणारी ३४, ३६ किंवा ३८ हजारांवर आढळतात. समोरासमोरून येणारी विमाने यामुळे किमान एक हजार फूट, म्हणजे सुमारे तीनशे मीटर, वरखाली राहतात.

पण हा ८३० चा वेग सगळ्या वाटभर मिळत नाही, आणि इथेच हरवलेल्या पाऊण तासाचा पहिला हिस्सा सापडतो. पस्तीस हजार फूट चढायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि तेवढ्यात सुमारे दोनशे किलोमीटर मागे पडतात. दहा हजार फुटांच्या खाली वेगावर मर्यादा आहे: २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. उतरण्याची तयारी तर फारच आधी सुरू होते. हजार फूट खाली यायला तीन सागरी मैल, हा वैमानिकांचा जुना अंदाज आहे. छत्तीस हजार फुटांसाठी १०८ सागरी मैल, म्हणजे पुन्हा दोनशे किलोमीटर. दिल्लीला उतरायचे विमान जयपूरच्या पूर्वेला दौसा-अलवरच्या पट्ट्यात पोहोचेपर्यंत इंजिनांचा आवाज उतरलेला असतो आणि कानांत दडे बसू लागतात. धावपट्टीला चाके टेकताना वेग ताशी अडीचशेच्या आसपास येतो. हिशेब मांडला तर चढायला बावीस मिनिटे, उतरायला पंचवीस, आणि मधल्या ७४० किलोमीटरला त्रेपन्न. एकूण शंभर मिनिटे. पूर्ण वेगाचे उड्डाण या प्रवासाच्या जेमतेम निम्म्या वेळेत होते.

अंतर जितके कमी, तितका हा चढ-उतार महाग पडतो. मुंबई ते कोल्हापूर सरळ अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे मोठ्या जेटला उंची गाठून स्थिरावायला उसंतच मिळत नाही. चढून होते न होते तोच उतरायला लागावे लागते. म्हणून अशा मार्गांवर पंखेवाली एटीआर विमाने शोभतात. त्यांचा वेग ताशी पाचशेच्या आत-बाहेर असला तरी ती कमी उंचीवर उडतात, इंधन कमी पितात आणि एकूण वेळेत जेटपेक्षा फार मागे पडत नाहीत.

वारा हा या गणितातला सगळ्यांत चंचल आकडा. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा झोत वाहतो. ताशी दीडशे किलोमीटरचा वारा तिथे नवलाचा नाही. मुंबई-दिल्ली मार्ग उत्तरेपासून बावीस अंश पूर्वेला कललेला आहे. म्हणून पश्चिमेच्या वाऱ्याचा बराचसा जोर विमानाच्या डाव्या कुशीवर येतो आणि थोडासाच पाठीवर. दीडशेचा वारा असेल तर पाठीवर ताशी ५६ किलोमीटर आणि कुशीवर १३९ अशी त्याची विभागणी होते. कुशीवरचा वारा विमानाला ढकलू नये म्हणून नाक सुमारे साडेनऊ अंश वाऱ्याकडे वळवून उडावे लागते. ऐन प्रवाहात नावाडी होडीचे तोंड प्रवाहाविरुद्ध तिरके धरतो, तसेच हे. या तिरकेपणात ताशी बारा किलोमीटर खर्ची पडतात आणि निव्वळ फायदा चव्वेचाळीसचा उरतो. तोही मार्गाच्या उत्तरेकडच्या भागातच. म्हणून मुंबई-दिल्ली जाण्या-येण्याच्या वेळेत वाऱ्यामुळे पाच-दहा मिनिटांचाच फरक दिसतो.

पूर्व-पश्चिम लांबच्या मार्गावर हाच वारा तासांचा फरक पाडतो. मुंबई-लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. बोइंग ७८७ शांत हवेत ताशी नऊशेने उडते असे धरले तर आठ तास लागावेत. वाटभर सरासरी ऐंशी किलोमीटरचा वारा तोंडावर असेल तर जाताना ८ तास ४७ मिनिटे, आणि तोच पाठीवर असेल तर येताना ७ तास २१ मिनिटे. फरक जवळजवळ दीड तासाचा. यातली एक बारीक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दोन्ही वेळा मिळवल्या तर सोळा तासांपेक्षा आठ मिनिटे जास्त भरतात. तोंडावरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकते आणि पाठीवरच्या वाऱ्याचा लाभ कमी वेळ मिळतो. त्यामुळे जातानाचा तोटा येताना पुरता भरून निघत नाही.

आता हरवलेल्या वेळेचा दुसरा हिस्सा, आणि तो जमिनीवर आहे. तिकिटावर छापलेली सुटायची वेळ म्हणजे चाके जमीन सोडतात ती वेळ नव्हे. विमान गेटवरून मागे ढकलायला सुरुवात होते ती सुटायची वेळ, आणि दुसऱ्या शहरात गेटला लागून थांबते ती पोहोचायची वेळ. मधला सगळा काळ प्रवासाचा मानला जातो. मुंबईत दाराबाहेर ढकललेले विमान लगेच उडत नाही. इंजिने सुरू होतात, ट्रॅक्टर सुटतो, आणि विमान टॅक्सीमार्गावरून हळूहळू सरकत रांगेत उभे राहते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी काम चालत नाही. एकाच धावपट्टीवरून तासाला चाळीसहून अधिक विमाने चढवावी-उतरवावी लागतात. दोन विमानांत दीड मिनिटही मिळत नाही. संध्याकाळी सांताक्रूझच्या बाजूने पाहिले तर एक विमान धावपट्टीच्या टोकाशी इंजिनांचा जोर वाढवत उभे असते, मागे चार-पाच शेपट्या ओळीने दिसतात, आणि घाटकोपरच्या दिशेला उतरणाऱ्या विमानांचे दिवे माळेसारखे लागलेले असतात. एवढ्या दाटीत नियंत्रक मनोऱ्यातले लोक दिवसरात्र हे काम बिनचूक करतात, याचे मोल प्रवाशाच्या फारसे लक्षात येत नाही. त्या रांगेत पंधरा-वीस मिनिटे जाणे नेहमीचेच. दिल्लीत धावपट्ट्या चार आहेत, पण विमानतळाचा पसारा मोठा असल्याने उतरल्यावर गेटपर्यंतच दहा-पंधरा मिनिटे लागतात.

शंभर मिनिटे हवेत, वीस मुंबईच्या जमिनीवर, बारा दिल्लीच्या. झाले दोन तास बारा मिनिटे. वेळापत्रकाचा आकडा इथे जुळतो.

पण कंपन्या तो आकडा फक्त बेरजेने ठरवत नाहीत. मागच्या हंगामात त्याच वेळेला त्याच मार्गावर प्रत्यक्ष किती मिनिटे लागली, याची नोंद त्यांच्याकडे असते. पहाटेच्या विमानाला कमी आणि संध्याकाळच्या विमानाला जास्त वेळ दिलेला दिसतो तो यामुळे. त्यात थोडी ऐसपैस जागाही ठेवलेली असते, कारण ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत झालेले उड्डाण वेळेवर धरले जाते आणि वक्तशीरपणाचे आकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मासिक अहवालात प्रसिद्ध होतात. विमान कधीकधी वीस मिनिटे आधी पोहोचते त्याचे रहस्य बहुतेक वेळा हेच असते. प्रवाशाच्या दृष्टीने ही तरतूद वाईट नाही. पुढची गाडी किंवा पुढचे विमान गाठायचे असेल तर खरी वेळ कळणे जास्त उपयोगाचे.

ही तरतूद दोन प्रसंगी मोडते. एक मुंबईचा पाऊस. उंच वाढलेल्या काळ्या ढगांना वळसा घालावाच लागतो, आणि धावपट्टीवर सर कोसळत असेल तर उतरू पाहणाऱ्या विमानांना घिरट्या घालत थांबावे लागते. ही घिरटी धावण्याच्या मैदानासारखी लांबट असते: एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक मिनिट सरळ, एक वळण. एका फेरीला चार मिनिटे आणि सुमारे दीडशे किलो इंधन. दुसरा प्रसंग दिल्लीचे धुके. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते इतके दाटते की धावपट्टी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. दिल्लीत दाट धुक्यात उतरवणारी उपकरणे आहेत, पण त्यांचा उपयोग व्हायला विमानात तशी यंत्रणा आणि वैमानिकांकडे तसे प्रशिक्षण, दोन्ही लागते. शिवाय दोन विमानांमधले अंतर वाढवावे लागत असल्याने उतरणाऱ्यांची संख्या एकदम घटते. अशा वेळी एअरपोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाची मध्यवर्ती यंत्रणा दिल्लीकडे येणाऱ्या विमानांना त्यांच्या-त्यांच्या गावीच थांबवते आणि उड्डाणाची नेमकी वेळ ठरवून देते. मुंबईत लख्ख ऊन पडलेले असताना विमान गेटवरच का उभे आहे, या प्रश्नाचे उत्तर हजारभर किलोमीटर दूरच्या धुक्यात असते. जमिनीवर थांबणे हवेत थांबण्यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षितही आहे, म्हणून ही पद्धत योग्यच म्हटली पाहिजे. प्रवाशांना कारण वेळेवर सांगितले तर त्रास निम्मा होईल. तेवढे मात्र अनेकदा होत नाही.

वाटेत थांबा असेल तर अंतर आणि वेळ यांचे नाते आणखी बदलते, आणि त्याचे एक सुंदर उदाहरण नागपूरचे आहे. १९४९ च्या जानेवारीत भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघे आणि चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला जमत. तिथे टपालाच्या थैल्या एका विमानातून दुसऱ्यात जात आणि विमाने पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. मुंबईचे दिल्लीला जाणारे पत्र अशा रीतीने मुंबई-नागपूर ६८५ आणि नागपूर-दिल्ली ८५५, असे १,५४० किलोमीटर फिरे, म्हणजे सरळ वाटेपेक्षा चारशे किलोमीटर जास्त. पण सहा जोड्यांसाठी सहा मार्ग चालवण्याऐवजी चार विमानांत काम भागे, आणि वेळ जाई तो रात्रीचा. संध्याकाळी पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत वाटले जाई. देशाच्या मधोमध असण्याचा लाभ नागपूरला असा मिळाला.

आजचे प्रवासीही हाच प्रकार अनुभवतात, फक्त रात्र वाचत नाही. वाटेत एक थांबा म्हणजे आणखी एक उतरणे, एक चढणे आणि मधली वाट पाहणे. मुंबई-दिल्लीसारख्या अंतराला थांबा घेतला तर दोन तासांचे पाच होतात. तिकीट काढताना ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ हे शब्द नीट पाहावेत. डायरेक्ट विमानाचा क्रमांक बदलत नाही, पण ते वाटेत उतरू शकते. कुठेही न उतरणारे ते नॉनस्टॉप.

विमानांची कुवत वाढली तसे थांबे गळत गेले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पुस मॉथ या छोट्या विमानात टपाल घेऊन निघाले, ते अहमदाबादला इंधन घेऊन मुंबईत जुहूला उतरले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीवरून आणले होते. सकाळी निघालेले हे विमान दुपारी पोहोचले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. आज तेच अंतर एका उड्डाणात कापले जाते.

परदेशी प्रवासात घड्याळाचाही गोंधळ होतो, कारण तिकिटावर दोन्ही शहरांच्या स्थानिक वेळा असतात. भारताचे घड्याळ हिवाळ्यात लंडनच्या साडेपाच तास पुढे असते, उन्हाळ्यात साडेचार. समजा हिवाळ्यात एक विमान मुंबईहून दुपारी एक वाजता निघाले आणि दहा तासांनी लंडनला पोहोचले. तेव्हा मुंबईत रात्रीचे अकरा असतील, पण लंडनच्या घड्याळात संध्याकाळचे साडेपाच. तिकिटावर साडेचार तासांचा प्रवास दिसेल. परत येताना रात्री नऊला निघून नऊ तासांत पोहोचले तर मुंबईत सकाळचे साडेअकरा वाजलेले असतील, आणि तिकिटावर साडेचौदा तास दिसतील. खरा वेळ काढायचा तर दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणाव्यात. भारतात देशभर एकच वेळ असल्याने मुंबई-दिल्ली प्रवासात हा हिशेब करावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट लांबच्या मार्गांना लागू पडते, ती म्हणजे देशांच्या सीमा. मुंबईहून लंडनची सगळ्यांत जवळची वाट पाकिस्तानावरून जाते. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाले. मग विमानांना अरबी समुद्रावरून ओमान-आखाताकडे जावे लागते. मुंबईपेक्षा दिल्लीला याचा फटका जास्त बसतो, कारण दिल्लीहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला आधी दक्षिणेला यावे लागते. अमेरिकेच्या काही विमानांना या काळात इंधनासाठी वाटेत उतरणेही भाग पडले. नकाशातले अंतर तसूभरही वाढले नव्हते, पण उड्डाणाचा वेळ वाढला.

शेवटी उरतो तो घरापासून घरापर्यंतचा वेळ, आणि प्रवाशाला तोच जाणवतो. देशांतर्गत विमानासाठी दोन तास आधी पोहोचायला सांगतात. बोरिवली किंवा ठाण्याहून विमानतळापर्यंत तास-सव्वा तास, उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ पंधरा-वीस मिनिटे, दिल्लीत शहरात जायला पाऊण ते एक तास. शंभर मिनिटांच्या उड्डाणासाठी सहा-साडेसहा तास मोडतात. राजधानीला साडेपंधरा तासांच्या आसपास लागतात, पण ती शहराच्या मधून सुटते आणि मधे रात्र झोपेत जाते. म्हणून कामाच्या दिवसाचा हिशेब केला तर ती वाटते तितकी मागे नाही.

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमाने सुटू लागली आहेत. तिथून दिल्लीचे सरळ अंतर सांताक्रूझपेक्षा फार तर तीन किलोमीटरने वेगळे आहे आणि हवेतल्या वेळेत मिनिटाचाही फरक पडत नाही. पनवेल-उलव्याच्या प्रवाशाचा मात्र एका बाजूचा तासभर वाचतो, आणि तेच विमान पकडायला निघालेल्या बोरिवलीकराला तेवढाच, किंवा थोडा अधिक, आधी घर सोडावे लागते.